आईच्या शेजारी कोण

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला त्यांचा तिन्ही मुलांसोबत एक फोटो असावा, असं आमच्या घरात ठरलं. ही कल्पना कुणाची, ते आता कुणी सांगत नाही. सुरुवातीला मात्र तिघेही ती आपलीच म्हणून सांगत होते.

फोटो काढायचा म्हणजे चौघांनी एका जागी यायचं, कुणीतरी मोबाईल धरायचा आणि बटण दाबायचं. आमचे थोरले भाऊजी श्रीरामपूरच्या पुढे नेवासा रस्त्याला वस्तीवर राहतात, मधले राहुरीला आणि आम्ही नगरला, सावेडीत. सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाआधी तिघेही एका ओट्यावर बसलेले असतील, एवढंच अंतर. पण एका ओट्यावर बसायला कुणी तयार नव्हतं. फोटोत मात्र सगळ्यांना यायचं होतं. मधली अडचण सोडवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वेबसाइट बनवते.

तिघांचं बिनसलं होतं ते थोरल्यांच्या मुलीच्या लग्नात. पत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' म्हणून जी नावांची रांग असते, तिच्यात मधल्या भाऊजींचं नाव थोरल्यांच्या साडूच्या खाली छापलं गेलं. मधले भाऊजी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक. साडू ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. मुख्याध्यापकाचं नाव सुट्या भागांच्या खाली आलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. लग्नाला ते आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. माझा नवरा त्यांच्या गाडीतून आला होता, म्हणून तोही उपाशी परतला. तेवढ्यावरून थोरल्यांनी त्याला मधल्यांच्या बाजूचा धरलं. पुढे मधल्यांनी नवीन घराची वास्तुशांत केली. थोरल्यांना त्यांनी घरी जाऊन न बोलावता नुसता फोन केला, म्हणून थोरले गेले नाहीत. माझा नवरा गेला, पण पूजेच्या वेळी त्याला कुणी पुढे बोलावलं नाही, म्हणून तो रुसून आला. जमिनीची वाटणी कधीच झालेली होती, विहिरीच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. भांडायला काही नसताना माणसं किती नेटाने भांडू शकतात, ते मी या घरात आल्यावर पाहिलं.

या सगळ्या काळात सासूबाई श्रीरामपूरला मुलीकडे होत्या. नणंदेला मी ताई म्हणते. ताई अंगणवाडी सेविका आहेत, दाजींचं किराणा दुकान आहे, घर दोन खोल्यांचं. सासूबाई तिथे दिवाळीला म्हणून गेल्या आणि राहिल्या. थोरले म्हणत, मधल्याचं घर मोठं आहे. मधले म्हणत, आईचा जीव शेतावर रमतो. माझा नवरा म्हणे, आपल्या तिसऱ्या मजल्यावर आईचे गुडघे कसे चढणार. मी एकदा लिफ्टच्या इमारतीत भाड्याने जाऊ म्हणून सुचवलं, तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तिघांचंही म्हणणं तसं खरंच होतं. म्हातारी मात्र ताईंच्या बाहेरच्या खोलीत, तेलाच्या डब्यांच्या शेजारी खाट टाकून झोपत होती.

माझं काम घरूनच चालतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी कपड्यांच्या दुकानांची पानं बनवते. एकाच साडीचे चार फोटो, म्हणजे पदर, काठ, ब्लाऊजपीस आणि पूर्ण साडी, असे पानावर शेजारीशेजारी बसवायचे, हे माझं रोजचंच. तेव्हा चार माणसं एका रांगेत बसवायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं होतं. माझ्या कामाबद्दल सासरी फारशी कुणाला कल्पना नाही. थोरले भाऊजी मला 'मॅडम' म्हणतात, तेही अशा सुरात की मी रेशन कार्डातलं नाव दुरुस्त करून देणारी असावी. मधल्यांना वाटतं मी टायपिंग करते. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या मते मी दिवसभर घरी असते.

फोटो यायला लागले. थोरल्यांचा फोटो सोसायटीच्या निवडणुकीच्या फ्लेक्सवरून कापलेला होता. डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल, आणि कापणाऱ्याने घाई केल्यामुळे खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. मधल्यांनी पासपोर्टचा फोटो पाठवला. मागे निळा पडदा, अंगात कोट. कोट त्यांचा नव्हताच, स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर वरून चिकटवलेला; कॉलर मानेला कुठेही टेकत नव्हती. माझ्या नवऱ्याने भंडारदऱ्याच्या सहलीतला काळ्या गॉगलचा फोटो दिला. मी समोर बसलेली असताना, आत्ता साधा काढू या का म्हटलं, तर म्हणाला, गॉगलमध्ये तो बरा दिसतो.

सासूबाईंचा फोटो कुणाकडेच नव्हता. तिघांच्याही मोबाईलमध्ये शोधला. निवडणुकीचे, शाळेच्या गॅदरिंगचे, कारखान्याच्या पिकनिकचे ढीगभर फोटो होते. आई एकाही फोटोत नीट नव्हती. म्हणून मी एका रविवारी श्रीरामपूरला गेले.

सासूबाई खाटेवर मेथी निवडत बसल्या होत्या. ताईंनी त्यांना जरीची नऊवारी नेसवली, केस विंचरून दिले, दारातल्या उजेडात खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर बसल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या.

"पोरं कवा येनार?" त्यांनी विचारलं.

मुलं यायची नाहीत, त्यांचे फोटो आलेत आणि ते मी कॉम्प्युटरवर त्यांच्या शेजारी जोडणार आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मी हितं एकटीच बसायचं, आन् फोटूत ते येनार."

"हो आई."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "चहा तर टाकावा लागत न्हाई."

हे म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू आलं, ते मी टिपलं. तोच फोटो मी ठेवला. मग ताईंना म्हटलं, तुम्हीही बसा. माझा कशाला, पदराला पीठ लागलंय, म्हणत त्या मागे सरकल्या. पण दाजींनीही आग्रह केला तेव्हा आईच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो एक साधा फोटो मी माझ्यापुरता घेतला, आणि एक त्यांचा एकटीचा.

फोटो जोडून देणारी अॅपं ढिगाने मिळतात, मीही आधी त्यातलंच एक वापरलं. पण कुणाचाच फोटो एक राहीना. मी जोडून पाठवला, की थोरले आणखी एक फोटो पाठवायचे. ते पाहून मधले दोन पाठवायचे. शेवटी मी सरळ एक वेबपान लिहिलं. पानावर एका ओळीत चौकटी, प्रत्येक चौकटीत एक माणूस. ज्याला आपला फोटो बदलायचा त्याने चौकटीवर बोट ठेवून नवीन निवडायचा. खाली एक बटण. ते दाबलं की प्रोग्राम सगळे फोटो एका उंचीचे करतो, एका लांब पट्टीवर एकापुढे एक ठेवतो आणि एकसंध चित्र बनवून देतो. ओळीत वस्तू उभ्या करण्याची वेबमध्ये जी सोय आहे, तिचं नावही फ्लेक्सच आहे. आमच्या जिल्ह्यात या शब्दाला जो मान आहे तो लक्षात घेता, मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या पानावर पाच चौकटी होत्या. पाचवी ताईंची. मी लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. या ग्रुपवर तिघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण रोज सकाळी न चुकता फुलांची चित्रं टाकत. त्या दिवशी तिघेही बोलले. थोरल्यांनी लिहिलं, ताई तिच्या सासरच्या फोटोत शोभते. मधल्यांनी परंपरेवर एक परिच्छेद लिहिला. माझ्या नवऱ्याने ग्रुपवर काही न लिहिता स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आधीच तिघांचं जमेना, त्यात तिला कशाला आणतेस. कित्येक वर्षांत या तिघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, ते हे.

मी नवऱ्याला विचारलं, "आई राहतात कुणाकडे?"

"तो विषय वेगळा आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याच्याशी आणखी बोलले असते, पण तेवढ्यात ताईंचाच फोन आला. पाचवी चौकट काढून टाक, म्हणाल्या, उगाच माझ्यावरून वाद नको. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. मी चौकट काढली. चौघे उरले.

आता खरं नाटक सुरू झालं. सगळे फोटो एका उंचीचे केल्यावर थोरल्यांचा कंबरेपर्यंतचा फोटो आणि मधल्यांचा नुसत्या चेहऱ्याचा फोटो एकाच मापात आले. म्हणजे मधल्यांचं डोकं थोरल्यांच्या छातीएवढं झालं. थोरल्यांचा फोन आला. त्याचं तोंड एवढं मोठं कशापायी, असा प्रश्न होता. मी कारण समजावलं. ते म्हणाले, कारण काही का असंना, बघणाराला वाटंल तोच थोरला. मी चेहरे मोजून सगळ्यांची डोकी एका मापात आणणारी दुरुस्ती केली. त्याबरोबर मधल्यांचा फोन आला, की त्यांना लहान का करण्यात आलं.

ते मिटतं न मिटतं तोच थोरले पुन्हा. त्यांचा मोबाईल जुना आणि अरुंद पडद्याचा. पडद्यावर जागा कमी असली की ओळीतली शेवटची चौकट आपोआप खालच्या ओळीत उतरते. थोरल्यांनी पान उघडलं तेव्हा ओळीच्या शेवटी नेमके तेच होते. वर आई आणि दोघे भाऊ, खाली एकटे फेट्यातले थोरले. त्यांनी मला विचारलं, मला पायरीवर बसवायला तुला कोणी सांगितलं. कुणी सांगितलं नाही, तुमच्या मोबाईलची रुंदी कमी आहे, हे जे उत्तर देऊ नये ते मी दिलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ओळ मोडू नये अशी तजवीज केली, म्हणजे पडदा अरुंद असला तर सगळेच बारीक होतील. सगळेच बारीक होणार म्हटल्यावर ते बोलायला लागले.

आणि मग आला क्रम. रांगेत आईला फार तर दोन बाजू. मुलगे तीन. कोणी तरी एक आईच्या शेजारी नसणार, हे एवढं साधं गणित तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरेना. त्यातला एक शाळेत गणित शिकवत होता. थोरल्यांनी आईच्या उजव्या हाताची जागा मागितली. ती दिली. मधल्यांनी पान उघडून सांगितलं की थोरले डावीकडे दिसतात, तेव्हा उजवी बाजू रिकामी समजून तिथे आपल्याला घ्यावं. आईची उजवी म्हणजे बघणाऱ्याची डावी, हे मी मुख्याध्यापकांना फोनवर समजावत होते आणि दारात इस्त्रीवाला कपडे घेऊन उभा होता. समजल्यावर ते म्हणाले की हरकत नाही, डावी बाजू आपल्याला चालेल. उरला माझा नवरा. मला वाटलं होतं, तो तरी म्हणेल, कर मला कडेला.

"मी कशाला कडेला?" तो म्हणाला. "शेंडेफळ मी. आईचा सगळ्यात जीव माझ्यावर."

टक्कल पडलेलं ते शेंडेफळ हातात रिमोट घेऊन सोफ्यावर बसलं होतं. आईला शेवटचा फोन कधी केलास, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. फोन मीच करते आणि शेवटी त्याच्या हातात देते.

तेव्हा मला जे सुचलं ते करायला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. पानावर प्रत्येक चौकटीला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाप्रमाणे चौकटी ओळीत उभ्या राहतात. क्रमांक बदला, माणसं जागा बदलतात. मी एकाच पानाच्या तीन लिंका केल्या. प्रत्येक लिंकेच्या शेवटी एक वेगळं अक्षर. थोरल्यांच्या लिंकेवर ते आईच्या उजव्या हाताला, मधल्यांच्या लिंकेवर मधले, आमच्या लिंकेवर हा. बाकीच्या दोघांचं काय व्हायचं ते होवो. तिघांना मी त्यांची त्यांची लिंक स्वतंत्र पाठवली आणि लिहिलं, तुमच्या सूचनेप्रमाणे बदल केला आहे.

तिघांचीही उत्तरं लगेच आली. थोरल्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मधल्यांनी लिहिलं, अखेर योग्य निर्णय झाला. नवऱ्याने त्या संध्याकाळी स्वतःहून दूध आणलं. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की बाकीच्या दोघांनी हे मान्य कसं केलं. आपल्याला हवं ते झालं आहे म्हणजे इतरांनी ते निमूट सोसलं असणार, यावर तिघांचाही सारखाच विश्वास होता. मला त्या दिवशी फार हसू आलं. आणि हसून झाल्यावर, इतकी वर्षं मी या माणसांना चहा करून पाजला याचं वाईट वाटलं.

बिंग फुटणारच होतं. तिघांनी आपापला फोटो स्टेटसला ठेवला. सासूबाईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, दिवसभर सगळ्यांची स्टेटसं बघत असतात. त्यांनी थोरल्यांना फोन करून विचारलं की तुम्ही फोटोत फिरता का.

थोरले संतापतील, फसवलं म्हणतील, अशी माझी तयारी होती. काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. त्यांचा फोन आला. आवाज खालचा होता.

"मॅडम, माझं हाय तसंच राहू द्या," ते म्हणाले. "त्या दोघांचं तेवढं बंद करा."

त्यांना फसवल्याचा राग नव्हता. लबाडी चालत होती, फक्त ती एकट्यासाठी हवी होती. थोड्या वेळाने मधल्यांनीही फोन करून हेच मागणं शुद्ध मराठीत मांडलं. नवऱ्याने काही मागितलं नाही. पण मी कॉम्प्युटरवर बसले की तो पाणी प्यायला म्हणून मागून जाई आणि पडद्यावर नजर टाकी. मी कुणाचंच बंद केलं नाही.

पंच्याहत्तरी थोरल्यांच्या वस्तीवर झाली. इतकी वर्षं एकमेकांकडे न जाणारे सगळे आले, कारण न येणाऱ्याच्या नावाने गावभर चर्चा झाली असती. फाटकाच्या एका बाजूला थोरल्यांनी लावलेला फ्लेक्स होता, दुसऱ्या बाजूला मधल्यांनी राहुरीहून छापून आणलेला. दोन्हींवर मीच जोडलेली रांग होती. एकीकडे आईच्या उजव्या हाताला फेटा, दुसरीकडे न टेकलेली कॉलर. थोरल्यांच्या खांद्यावरचा तो अनोळखी हात फ्लेक्सवर माणसाच्या डोक्याएवढा झाला होता आणि पाहुणे एकमेकांना विचारत होते, तो कुणाचा म्हणून. माझ्या नवऱ्याने फ्लेक्स केला नव्हता. तो गाडीच्या डिकीत कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आला होता आणि आईला एकटीला गाठून द्यायची संधी शोधत होता.

सासूबाई ताई-दाजींसोबत रिक्षातून आल्या. फाटकापाशी उतरल्या, दोन्हीकडचे फ्लेक्स पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ताईंचा हात धरून आत गेल्या.

पंच्याहत्तर दिव्यांचं ताट करून ओवाळलं. दिवे ताईंनी कणकेचे करून आणले होते, थोरल्या जाऊबाईंनी आणि मी ते लावून दिले. जेवणात वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. जेवणं झाली आणि फोटोग्राफर म्हणाला, आता घरच्यांचा एक सगळ्यांचा होऊन जाऊ द्या. मांडवाखाली एक खुर्ची ठेवली. सासूबाई बसल्या. मला वाटलं, चला, या निमित्ताने तरी.

थोरले उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. मधले त्याच बाजूला आले आणि बघणाऱ्याची डावी की आईची उजवी हा मुद्दा, जो मीच त्यांना शिकवला होता, तो आता भावाला समजावू लागले. फोटोग्राफर बिचारा म्हणाला, तिघेही खुर्चीच्या मागे उभे राहा. तर मधोमध कोण, आईच्या बरोबर मागे कोण, यावर अडलं. थोरले म्हणाले, घर माझं. मधले म्हणाले, घराचा इथे संबंध नाही. माझा नवरा म्हणाला की त्याला कुठेही उभं केलं तरी चालेल, आणि मधोमध जाऊन उभा राहिला. थोरल्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. पाहुणे चूळ भरता भरता थांबून बघायला लागले.

सासूबाई खुर्चीत सरळ बसून होत्या. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"मी बसू का उठू, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

मग फोटोग्राफरने तोडगा काढला, की एकेकाने या. एकेक जण आला, आईच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, फोटो झाला, बाजूला झाला. आधी थोरले, मग मधले, मग आमचे हे. तिघे एका मांडवाखाली, एका खुर्चीभोवती, एका वेळी होते, आणि तरी तीन वेगळे फोटो निघाले. शेवटचा झाला तशा सासूबाई उठल्या. ताईंनी पिशवी घेतली, दाजी रिक्षा आणायला गेले. गोळ्या घ्यायची वेळ झाली होती, आणि गोळ्या श्रीरामपूरला होत्या. तिघांपैकी एकाने म्हटलं, आई, आजची रात्र राहा. कुणी म्हटलं ते मला दिसलं नाही. इतक्या हळू आवाजात म्हटलं होतं. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करून रिक्षात बसल्या.

रिक्षा रस्त्याला लागल्यावर थोरले माझ्याकडे आले. मागोमाग मधलेही आले आणि जरा अंतर ठेवून उभे राहिले.

"मॅडम," थोरले म्हणाले, "हे तीन फोटू तुमच्या त्या पानावर एकात जोडून द्या की. आजचा सगळ्यांचा म्हनून."

मी म्हटलं, "आज तुम्ही सगळे इथेच होतात."

"व्हय, पन जमलं न्हाई ना."

"मग राहू द्या," मी म्हटलं. "पान मी बंद केलंय."

केलं नव्हतं. त्यांच्या देखतच मोबाईल काढून केलं. मधले म्हणाले की हा निर्णय घेण्याआधी विचारविनिमय व्हायला हवा होता. मी जाऊबाईंना उष्टी काढायला मदत करायला गेले.

परत येताना गाडीत राहुरी मागे पडल्यावर नवऱ्याने तोंड उघडलं. म्हणाला, तू जरा जास्तच बोललीस. मी खिडकीबाहेरचे उसाचे टेम्पो बघत राहिले. मला त्याच्याशी भांडायचंही नव्हतं. भांडणात त्या घराला जी गोडी आहे ती मला नाही.

फ्रेम द्यायची राहूनच गेली. आता ती आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलेली आहे. मी काढ म्हटलं, त्याने ऐकलं नाही. हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघतो. मध्ये कारखान्यातले त्याचे साहेब बायकोसह चहाला आले होते. साहेबांच्या बायकोने फ्रेमसमोर उभं राहून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, हल्ली असा भावाभावांचा एकोपा कुठे बघायला मिळतो?

माझ्या नवऱ्याने मान लववली.

"आईचे संस्कार," तो म्हणाला.

आई कुठे असतात, असं साहेबांनी विचारलं. त्यावर त्याने बिस्किटांची बशी पुढे केली आणि मला विचारलं की चहा झाला का.